विश्वाचे मूलभूत आकडे असेच का? कार्बनची ७.६५ ची पातळी, अल्फा आणि बाकी सगळं

रानजाई (धागाकर्ती)

कार्बनच्या अणुगर्भाला ७.६५ एमईव्हीवर (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट, अणुगर्भाच्या ऊर्जेचं माप) एक ऊर्जापातळी आहे. वाटायला अगदी बारीकसारीक तपशील वाटतो, पण ही पातळी तिथे नसती किंवा थोडी इकडेतिकडे असती तर तुमच्या-माझ्या अंगातला कार्बन बनलाच नसता, निदान आज आहे तेवढा तरी नक्कीच नाही. बरेच दिवस यावर मिळेल ते वाचतेय आणि डोक्यातून जातच नाहीये, म्हणून हा धागा. इथे फिजिक्स शिकलेले बरेच जण आहेत, नुसतं कुतूहल असलेलेही आहेत, सगळ्यांनीच लिहा.

आधी गोष्ट नीट सांगते. ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचा हीलियम होतो इथपर्यंत शाळेत होतं. पुढची पायरी मात्र अवघड आहे. दोन हीलियम एकत्र आले की बेरिलियम-८ होतो आणि तो १०^-१६ सेकंदाच्या आसपास फुटतोसुद्धा. तेवढ्या वेळात तिसरा हीलियम येऊन आदळला तरच कार्बन. १९५२ मध्ये साल्पीटर यांनी ही वाट मांडली, पण हिशोब केला तर कार्बन फारच थोडा निघत होता. फ्रेड हॉइल यांनी मग उलट्या बाजूने विचार केला, की विश्वात कार्बन भरपूर आहे हे तर डोळ्यांना दिसतंय, म्हणजे कार्बनच्या अणुगर्भात नेमकी त्याच ऊर्जेजवळ एखादी पातळी असलीच पाहिजे, म्हणजे टकरीची ऊर्जा त्या पातळीशी जुळेल (यालाच रेझोनन्स म्हणतात) आणि कार्बन भराभर तयार होईल. १९५३ च्या सुरुवातीला ते कॅलटेकला होते, तिथल्या केलॉग लॅबमधल्या फाउलर वगैरे मंडळींच्या मागेच लागले की हे मोजून बघा. या पातळीची चाहूल आधी कुणाला लागली होती, पण नंतरच्या प्रयोगात ती दिसली नव्हती, त्यामुळे कुणी फारसं गंभीरपणे घेत नव्हतं. वॉर्ड व्हेलिंग आणि सहकाऱ्यांनी नायट्रोजनवर ड्यूटेरॉन (जड हायड्रोजनचे अणुगर्भ) मारून मोजलं आणि ७.६८ ला पातळी मिळाली. आजचा आकडा ७.६५.

आता आकडे जरा जवळून बघा, कारण खरी गंमत तिथेच आहे. बेरिलियम-८ आणि हीलियम यांची मिळून ऊर्जा येते ७.३७, पातळी आहे ७.६५ वर. मधलं अंतर ०.२९ च्या आसपास, म्हणजे १० कोटी अंशाच्या ताऱ्यात कणांच्या गतीने भरून निघेल एवढंच. आणि तिथे पोचलं तरी काम होत नाही, त्या पातळीवर पोचलेल्या दर १०,००० अणुगर्भांतले साधारण चारच खाली उतरून कायमचा कार्बन होतात, उरलेले पुन्हा तीन हीलियममध्ये फुटून जातात. आपण सगळे त्या चारांतून आलोय. पुढे ऑक्सिजनचं बघा. कार्बन अधिक हीलियम म्हणजे ७.१६ आणि ऑक्सिजनची जवळची पातळी ७.१२, जेमतेम ०.०४ ने खाली. ती तेवढीच वर असती तर झालेला कार्बन भराभर ऑक्सिजनमध्ये गेला असता.

तर प्रश्न असा की ही ७.६५ येते कुठून? अणुगर्भाला बांधून ठेवणारा स्ट्राँग फोर्स, प्रोटॉन-प्रोटॉनमधलं विद्युत बल आणि क्वार्कची (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांची) वस्तुमानं, यातूनच ती येणार. मग ते आकडे तेवढेच का?

हॉइल हे नाव आपल्याला जयंत नारळीकर सरांमुळे घरातलंच आहे. १९६४ मध्ये दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धांत मांडला त्यात कणाचं वस्तुमान हा त्याचा स्वतःचा आकडा नसून विश्वातल्या बाकी सगळ्या पदार्थामुळे त्याला मिळतं, अशी कल्पना होती. तो सिद्धांत पुढे मागे पडला, पण 'हे आकडे आले कुठून' हा प्रश्न आपला माणूस साठ वर्षांपूर्वी केंब्रिजमध्ये बसून इतक्या मुळाशी जाऊन विचारत होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चौकस

ताई, मस्त धागा. एक बेसिक शंका. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटरच का, ४ लाख का नाही, हाही याच जातीचा प्रश्न ना? मला लहानपणापासून हाच पडलेला आहे.

अणुरेणू

चौकस, शंका अगदी योग्य आहे, पण उत्तर वेगळं निघतं. प्रकाशाचा वेग २९,९७,९२,४५८ मीटर प्रति सेकंद हा आता मोजायचा आकडाच राहिलेला नाहीये. १९८३ पासून मीटरचीच व्याख्या त्यावरून केलीय. २० मे २०१९ पासून प्लांकचा स्थिरांक, इलेक्ट्रॉनचा भार, बोल्ट्झमनचा स्थिरांक हेही ठरवून टाकलेत, किलोग्रॅम त्यातून काढतात. त्यामुळे '३ लाख का' याचं उत्तर एवढंच की आपण मीटर आणि सेकंद तेवढे घेतले. पृथ्वीचा आकार आणि तिची गिरकी यातून ती मापं आली.

खरा प्रश्न पडतो तो ज्या आकड्यांना एककच नाही त्यांच्याबद्दल. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा १८३६.१५ पट जड आहे, हे मीटरमध्ये मोजा नाहीतर हातात, बदलणार नाही. तसाच फाइन स्ट्रक्चर कॉन्स्टंट, अल्फा. इलेक्ट्रॉनच्या भाराचा वर्ग, प्रकाशाचा वेग, प्लांकचा स्थिरांक हे सगळं एकत्र केलं की एककं उडून जातात आणि उरतो १/१३७.०३६. विद्युतचुंबकीय बल किती जोरकस हे तो सांगतो. सोमरफेल्ड यांनी १९१६ मध्ये तो मांडला. आजच्या स्टँडर्ड मॉडेलमध्ये, म्हणजे मूलकण आणि बलांच्या सिद्धांतात, असे १९ आकडे आहेत, न्यूट्रिनोंची वस्तुमानं धरली तर २६ च्या आसपास, आणि ते कुठल्याही समीकरणातून निघत नाहीत, प्रयोग करून मोजायचे आणि भरायचे.

अजून एक. १३७ या आकड्यावरच फार जीव लावण्यात अर्थ नाही. एडिंग्टन यांनी तो शुद्ध गणितातून काढायचा प्रयत्न केला, तेव्हाच्या मोजमापात १३६ च्या जवळ होता तर १३६ सिद्ध केला, मोजमाप सुधारलं तर १३७. तो पूर्णांक नाहीच. शिवाय तो ऊर्जेप्रमाणे बदलतो. झेड बोसॉनच्या ऊर्जेला, म्हणजे ९१ जीईव्हीला (१ जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) मोजलात तर १/१२८ च्या आसपास मिळतो. म्हणजे आपण ज्याला मूळ आकडा म्हणतो तो आपल्या थंड, कमी ऊर्जेच्या जगातून दिसणारा आकडा आहे, मुळातला काहीतरी वेगळाच असणार.

पाऊसवेडी

वाचतेय. दोन्ही प्रतिसाद जपून ठेवण्यासारखे.

तुळशीवृंदावन

मी फिजिक्सची नाही, बीकॉम आहे. पण ताईंनी जे दहा हजारांतले चार लिहिलं ते वाचून अंगावर काटा आला. इतकं सगळं जागच्या जागी असेल तर ते कुणीतरी मांडून ठेवलंय असं वाटणं चूक आहे का? मी वारकरी घरातली आहे, माझ्यासाठी हा विचार परका नाही. कुणाला पटवायला लिहीत नाहीये, मनापासून विचारतेय.

रानजाई

तुळशीवृंदावन, अजिबात चूक नाही, आणि हा विचार तुमच्या एकटीचा नाही. स्वतः हॉइल देव न मानणारे, त्यांनी १९८० च्या सुमारास लिहिलं की हे आकडे बघून कुणीतरी प्रचंड बुद्धीचं फिजिक्सशी खेळलंय असं वाटल्याशिवाय राहत नाही. मात्र १९५३ मध्ये त्यांच्या डोक्यात जीवसृष्टी नव्हती. हेल्गे क्राग या इतिहासकाराने जुनी कागदपत्रं तपासून दाखवलंय की तेव्हा त्यांचा प्रश्न सरळ होता, ताऱ्यात मूलद्रव्यं कशी बनतात. आपण असण्याशी त्याचा संबंध खूप नंतर जोडला गेला. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण गोष्ट नेहमी उलटी सांगितली जाते.

श्रद्धा ज्याची त्याची, त्यात मी बोलणार नाही. माझं म्हणणं एवढंच की 'कुणीतरी मांडलंय' म्हटल्यावर पुढचा प्रश्न विचारायचं थांबू नये. कारण विचारत राहिलं की काही आकड्यांची उत्तरं खरंच मिळतात.

गणितवेडा

ताईंच्या शेवटच्या वाक्याला धरून लिहितो कारण माझा जीव याच मुद्द्यावर आहे. मिळालेली उत्तरं लोकांना माहीतच नसतात आणि सगळे आकडे एकाच गाठोड्यात बांधून 'विश्व किती नेमकं जुळलंय' एवढंच बोललं जातं.

हायड्रोजनच्या वर्णपटाचं घ्या. १८८५ मध्ये बामर यांनी रेषांच्या तरंगलांबींना बसेल असं सूत्र शोधलं, त्यातला आकडा का तोच, हे कुणालाच माहीत नव्हतं, नुसता बसत होता. १९१३ मध्ये बोर यांनी तो इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, भार आणि प्लांकचा स्थिरांक यातून काढून दाखवला. झालं, एक मूलभूत आकडा कमी झाला. प्रोटॉनचं तसंच. प्रोटॉनच्या वस्तुमानात क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानाचा वाटा जेमतेम १ टक्का आहे, बाकी सगळं स्ट्राँग फोर्सच्या ऊर्जेतून येतं, आणि ते आता कॉम्प्युटरवर हिशोब करून काढता येतं.

याहून भारी उदाहरण न्यूट्रॉनचं. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा १.२९ एमईव्हीने जड आहे. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ०.५११. हा फरक ०.५११ च्या खाली असता तर हायड्रोजनच्या अणूतला प्रोटॉन आपलाच इलेक्ट्रॉन गिळून न्यूट्रॉन होऊन बसला असता, म्हणजे पाणी नाही, आजच्यासारखे तारे नाहीत, काही नाही. फरक बराच मोठा असता तरी अडचण, अणुगर्भातले न्यूट्रॉन टिकले नसते. तर हा १.२९ नुसता योगायोग आहे का? २०१५ मध्ये एका युरोपियन गटाने सुपरकॉम्प्युटरवर क्वार्कपासून सुरुवात करून हा फरक काढला. प्रोटॉन-न्यूट्रॉनमध्ये अप आणि डाउन असे दोन प्रकारचे क्वार्क असतात. डाउन क्वार्क अपपेक्षा जड आहे म्हणून साधारण २.५ ने न्यूट्रॉन जड होतो, आणि प्रोटॉनला विद्युतभार आहे म्हणून साधारण १ ने तो फरक कमी होतो. दोन उलट्या दिशेच्या गोष्टींची वजाबाकी होऊन १.५ च्या आसपास उरतं, त्यांच्या अनिश्चिततेत १.२९ बसतो. म्हणजे 'न्यूट्रॉन एवढाच जड का' हा प्रश्न सुटला, पण त्याच्या जागी 'डाउन क्वार्क अपपेक्षा एवढाच जड का' हा आला. त्याला आज उत्तर नाही.

कार्बनची ती पातळीसुद्धा २०११ मध्ये एपेलबाउम, माइसनर वगैरेंनी कॉम्प्युटरवर पहिल्यांदा मुळापासून काढली. त्याच पद्धतीने २०१३ मध्ये बघितलं की क्वार्कची वस्तुमानं किती हलवली तर कार्बन-ऑक्सिजनचं गणित बिघडतं. दोन-तीन टक्क्यांपर्यंत चालून जातं. त्याआधी २००० मध्ये ओबरहुमर यांच्या गटाने ताऱ्यांची मॉडेलं चालवून दाखवलं होतं की न्यूक्लिऑनमधलं (प्रोटॉन-न्यूट्रॉनमधलं) बल अर्ध्या टक्क्याने किंवा विद्युत बल ४ टक्क्यांनी बदललं तर कार्बन नाहीतर ऑक्सिजन यातला एक कित्येक पटींनी घटतो. म्हणजे सूट आहे पण फार नाही.

आडवाट

गणितवेडा, इथे मला थोडं अडवायचंय. एकच आकडा हलवायचा, बाकीचे सगळे आहेत तिथे ठेवायचे आणि मग म्हणायचं बघा सगळं कोसळलं, हे पटत नाही. फ्रेड ॲडम्स यांनी २००८ मध्ये गुरुत्वाकर्षण, अल्फा आणि अणुऊर्जेचे दर हे सगळे एकत्र हलवून बघितले तर तारे बऱ्याच मोठ्या पट्ट्यात बनतात आणि दीर्घकाळ जळतात असं निघालं. पुढे त्यांच्याच गटाने हेही मांडलं की बेरिलियम-८ थोडासा घट्ट बांधलेला असता तर तो टिकला असता आणि कार्बन त्याच्यामार्गे साध्या वाटेने बनला असता, तीन हीलियमच्या टकरीची गरजच पडली नसती. त्यामुळे आपली वाट अवघड आहे हे मान्य, पण वाट एकच आहे हे मात्र सिद्ध झालेलं नाही. 'नेमकं जुळलंय' म्हणण्याआधी किती पट्ट्यात जुळलं असतं ते मोजायला हवं, आणि तो पट्टा मोजणार कशाच्या तुलनेत, हे तर कुणालाच सांगता येत नाही. अल्फा शून्य ते एक यातला कुठलाही असू शकला असता का? कोण ठरवणार?

अणुरेणू

आडवाट, सहमत. शेवटचा प्रश्न सगळ्यात कठीण आहे, त्याला कुणी हात लावत नाही.

मुळामुठा

मला दुसरी बाजू मांडायचीय. जुनी गावं बघा, जवळपास सगळी नदीकाठी नाहीतर जिथे विहिरीला पाणी लागलं तिथे आहेत. गावात उभं राहून 'पाणी बरोबर आपल्याच गावात कसं' असं विचारलं तर उत्तर काय देणार, पाणी नव्हतं तिथे गाव वसलंच नाही, तिथे हे विचारायला माणूसच नाही. ब्रँडन कार्टर यांनी १९७३ मध्ये पोलंडला कोपर्निकसच्या ५०० व्या जयंतीच्या परिषदेत अँथ्रोपिक प्रिन्सिपल मांडलं ते साधारण हेच. आपण जे बघतो ते आपण जिथे असू शकतो तिथूनच बघतो.

लोकांना वाटतं हे उत्तर टाळणं आहे. पण यातून खरे आकडे निघालेत. डिरॅक यांनी १९३७ मध्ये बघितलं की विद्युत बल आणि गुरुत्वाकर्षण यांचं गुणोत्तर १०^३९ च्या आसपास आहे आणि विश्वाचं वय अणूच्या मापात मोजलं तरी तेवढंच, मग त्यांनी म्हटलं गुरुत्वाकर्षण काळानुसार कमी होत असलं पाहिजे. १९६१ मध्ये डिकी यांनी सांगितलं की अहो, ताऱ्याचं आयुष्य गुरुत्वाकर्षणावर ठरतं, तारे जळून मूलद्रव्यं बनल्याशिवाय आपण नाही, आणि सगळे तारे विझल्यावरही आपण नाही, त्यामुळे आपण मोजू तेव्हा विश्वाचं वय तेवढंच येणार. गुरुत्वाकर्षण बदलायची गरज नाही. पुढे चंद्रावरच्या आरशांवर लेझर मारून जी मोजमापं झाली त्यात बदल दिसला नाही.

त्याहून मोठं उदाहरण कॉस्मॉलॉजिकल कॉन्स्टंटचं, म्हणजे रिकाम्या पोकळीच्या ऊर्जेचं. पोकळीची ऊर्जा सिद्धांतातून अंदाजाने काढली तर दिसते त्याच्या १०^१२० पट येते. फिजिक्समध्ये एवढी मोठी तफावत दुसरी नसेल. सगळ्यांना वाटायचं काहीतरी कारण असणार ज्यामुळे तो आकडा बरोबर शून्य आहे. १९८७ मध्ये वाइनबर्ग यांनी विचारलं, तो किती मोठा असता तर दीर्घिका बनल्याच नसत्या? मर्यादा काढली, ती पदार्थाच्या आजच्या घनतेच्या काही शे पट निघाली, आणि म्हणाले की कारण जर हेच असेल तर आकडा शून्य नसेल, मर्यादेच्या फार खालीही नसेल. १९९८ मध्ये सुपरनोव्हांवरून विश्व पसरण्याचा वेग वाढतोय हे सापडलं आणि ती ऊर्जा पदार्थाच्या दुपटीहून थोडी जास्त निघाली. ११ वर्षं आधी सांगितलेलं! त्या शोधाला २०११ चं नोबेल मिळालं.

गणितवेडा

मुळामुठा, वाइनबर्गचं मान्य, त्यापुढे मान झुकवतो. पण तुमच्या उदाहरणात गावं खूप आहेत आणि पाणी नसलेली जमीनही दिसते. दुसरी विश्वं कुठे दिसतात? स्ट्रिंग थिअरीत (सगळे कण म्हणजे बारीक तारांची कंपनं असं मानणारा सिद्धांत) १०^५०० प्रकारच्या पोकळ्या निघतात म्हणतात, आणि वाढती पसरण असलेली पोकळी त्यात कशी बसवायची हे २००३ मध्ये काचरू, कॅलॉश, लिंडे आणि आपल्या मुंबईतल्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे संदीप त्रिवेदी यांनी दाखवलं. कुलाब्याच्या माणसाचं नाव त्या चौघांत आहे याचा अभिमान आहेच. पण ती बांधणी टिकते का यावर स्ट्रिंगवाल्यांतच अजून वाद आहे, आणि त्यातून अल्फा १/१३७ निघत नाही.

केप्लरने १५९६ मध्ये सहा ग्रह का आणि त्यांची अंतरं तेवढीच का, हे पाच नियमित घनाकृतींवरून काढायचा जिवापाड प्रयत्न केला. आज आपल्याला माहीत आहे की त्या प्रश्नाला तसं उत्तरच नव्हतं, प्रत्येक सूर्यमालेत ग्रह वेगळे. हे मी तुमच्या बाजूने लिहितोय. माझा आग्रह एवढाच की आपला आकडा बामरच्या जातीचा आहे की केप्लरच्या, हे आधीच ठरवून टाकू नका. ठरवलं की शोधणं थांबतं.

रानजाई

गणितवेडा, अगदी अगदी हेच. मी धागा काढला तेव्हा 'हे आकडे असेच का' हा एकच प्रश्न धरून बसले होते, पण तो एक प्रश्न नाहीच, प्रत्येक आकड्याचा वेगळा आहे. वेगाचा आकडा आपणच ठरवला, न्यूट्रॉनचा खालून निघाला, पोकळीच्या ऊर्जेचा कदाचित आपण असण्याशी बांधलेला, आणि अल्फाचं अजून काहीच नाही. आता प्लीज कुणीतरी हे सांगा की अल्फा खरंच स्थिर आहे का? तो सगळीकडे आणि कायम तोच असेल हे मोजलंय का कुणी?

खोडदकर

रानजाई ताई, यावर मला लिहायलाच हवं कारण हे काम आमच्या अंगणात झालंय, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, पुण्यात. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

दूरच्या क्वेसारचा, म्हणजे फार तेजस्वी दीर्घिकाकेंद्राचा, प्रकाश आपल्याकडे येताना मधल्या दीर्घिकांच्या गॅसमधून येतो, गॅस आपापल्या रेषा त्यातून खातो, आणि त्या शोषणरेषा म्हणजे कित्येक अब्ज वर्षांपूर्वीच्या अणूंनी आपल्यासाठी ठेवलेली मोजमापं. मॅग्नेशियमच्या दोन रेषा असतात, २७९६ आणि २८०३ अँगस्ट्रॉमच्या, त्या अल्फा बदलला तरी फारशा हलत नाहीत. लोखंडाच्या २३८२ आणि २६०० जवळच्या रेषा जास्त हलतात. म्हणजे एकाच गॅसच्या ढगातल्या मॅग्नेशियम आणि लोखंड यांच्या रेषांमधलं अंतर मोजायचं आणि प्रयोगशाळेतल्या अंतराशी ताडून बघायचं. ऑस्ट्रेलियातल्या जॉन वेब यांच्या गटाने हवाईच्या केक दुर्बिणीवर हे केलं आणि १९९९ पासून सांगायला लागले की पूर्वी अल्फा कमी होता, लाखात साधारण अर्धा भाग. जगभर खळबळ.

मग २००४ मध्ये आयुकाचे रघुनाथन श्रीआनंद आणि हम चंद यांनी फ्रान्सच्या पेतिजाँ आणि आरासिल यांच्याबरोबर चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीच्या वर्णपटांवरून २३ ठिकाणी मोजलं. त्यांनी ठिकाणं निवडताना फार काळजी घेतली, जिथे रेषा एकमेकींत मिसळलेल्या किंवा फार खोल गेलेल्या आहेत ती सोडून दिली. उत्तर आलं बदल नाही, लाखात उणे ०.०६, अनिश्चितता अधिक-उणे ०.०६. वेब-मर्फी गटाने २००७ मध्ये टीका केली की तुमची वक्र बसवण्याची पद्धत नीट चाललेली नाही, अनिश्चितता कमी दाखवलीत, श्रीआनंद वगैरेंनी उत्तर दिलं, वाद चांगलाच रंगला. २०११ मध्ये वेब यांनीच व्हीएलटीवरून मोजलं तर दक्षिणेकडे अल्फा जास्त आला, उत्तरेकडे केकवर कमी, म्हणून म्हणाले अल्फा आकाशाच्या दिशेनुसार बदलतो.

आता उलगडा कुठे झाला बघा. वर्णपटाला पट्टी लावायला थोरियम-आर्गॉनचा दिवा लावतात, त्याच्या रेषा माहीत असतात. पण दिव्याचा प्रकाश आणि ताऱ्याचा प्रकाश उपकरणातून तंतोतंत एकाच वाटेने जात नाही. २०१५ मध्ये व्हिटमोर आणि मर्फी यांनी लघुग्रहांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश आणि सूर्यासारखे तारे घेऊन ती पट्टीच तपासली, तर दोन्ही दुर्बिणींच्या पट्टीत लांबवर हळूहळू वाढत जाणारी वाकडी चूक निघाली, आणि मिळालेला 'बदल' बऱ्याच अंशी त्यातून येऊ शकतो. मर्फी स्वतः बदल सापडल्याचं सांगणाऱ्या गटातले, आणि त्यांनीच हे केलं, त्यांचा मला खूप आदर वाटतो. नंतर एस्प्रेसो नावाचं नवं उपकरण आलं, त्यावर २०२२ मध्ये दहा लाखात एखाद्या भागापर्यंत मोजलं, बदल नाही.

आमच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचाही यात हात आहे. ४५ मीटरच्या ३० तबकड्या, १४ मधल्या भागात आणि बाकीच्या तीन बाजूंना २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. हायड्रोजनची २१ सेंटीमीटरची रेषा रेडिओत येते, तिची वारंवारता अल्फा आणि प्रोटॉन-इलेक्ट्रॉन वस्तुमानाचं गुणोत्तर दोन्हींवर अवलंबून असते, त्यामुळे त्याच ढगाच्या दुसऱ्या रेषांशी तुलना केली की दोन्ही तपासता येतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे सगळ्यांना आत सोडतात, मुलांना घेऊन या. मोबाइल बंद करायला सांगतात तेव्हा कुरकुर करू नका, जी रेषा शोधायची असते तिच्यापुढे आपला फोन म्हणजे नुसता गोंगाट.

चौकस

खोडदकर दादा, दंडवत. पण हे सगळं आकाशातलं झालं. पृथ्वीवर काही खूण आहे का जुन्या काळची?

अणुरेणू

आहे, आणि ती माझी सगळ्यात आवडती आहे. पश्चिम आफ्रिकेतलं गॅबॉन, ओक्लोची युरेनियमची खाण. १९७२ मध्ये फ्रान्समधल्या कारखान्यात तिथलं युरेनियम तपासताना यू-२३५ चं प्रमाण ०.७२० टक्क्यांऐवजी ०.७१७ निघालं. हा आकडा सगळ्या पृथ्वीवर एकच असतो, त्यामुळे एवढासा फरकही चालत नाही, चौकशी लागली. कळलं की सुमारे २ अब्ज वर्षांपूर्वी, जेव्हा यू-२३५ चं प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं, तेव्हा तिथे पाणी झिरपून आपोआप अणुभट्टी पेटली होती आणि लाखो वर्षं थांबत-थांबत चालली होती.

आता अल्फाशी संबंध. भट्टीत सॅमेरियम-१४९ न्यूट्रॉन गिळतो, कारण त्याला ०.०९७ इलेक्ट्रॉन व्होल्टवर एक रेझोनन्स आहे. अणुगर्भाच्या हिशोबात ऊर्जा लाखो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या असतात, त्यात दोन मोठ्या गोष्टी एकमेकींना जवळपास पूर्ण कापून ही एवढीशी उरते. अल्फा जरा जरी वेगळा असता तर ही पातळी सरकली असती आणि सॅमेरियम वेगळ्या प्रमाणात संपला असता. लेनिनग्राडच्या श्ल्याख्तर यांच्या १९७६ मध्ये हे लक्षात आलं, १९९६ मध्ये दामूर आणि डायसन यांनी नीट हिशोब केला. खडकातला उरलेला सॅमेरियम मोजून निघालं की २ अब्ज वर्षांत अल्फा कोटीत एक भागाच्या आसपासही बदललेला नाही.

तुळशीवृंदावन

खडकात उरलेल्या धातूवरून हे कळतं! मी आज ऑफिसच्या बसमध्ये हा सगळा धागा शेजारच्या मैत्रिणीला वाचून दाखवला. अजून लिहा.

आडवाट

एक जोड देतो. पोकळीची ऊर्जा तरी कायम तीच असते का, यावर आता शंका आलीय. डेसी प्रकल्पाने लाखो दीर्घिकांचा नकाशा काढून २०२४ आणि २०२५ मध्ये जे निकाल दिले त्यात ती काळानुसार कमी होत असावी असे संकेत आहेत. शोध म्हणायला लागते त्या ५ सिग्माच्या खात्रीपर्यंत अजून पोचलेलं नाही, त्यामुळे नाचायचं कारण नाही, पण खरं निघालं तर वाइनबर्गचा हिशोब ज्या गृहीतावर उभा आहे तेच हलेल. मुळामुठा, तेव्हा आपण पुन्हा भांडू.

मुळामुठा

आडवाट, जरूर. तसं निघालं तर मलाही नवीन विचार करावा लागेल, आणि मला ते आवडेल.

चौकस

शेवटचा प्रश्न. यापुढे बदल सापडायचा असेल तर कुठे सापडेल?

खोडदकर

माझ्या मते घड्याळात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डरला ॲल्युमिनियम आणि पाऱ्याच्या आयनांची दोन घड्याळं एकमेकांशी ताडून अल्फातला वार्षिक बदल १०^-१७ च्या पातळीला तपासला होता, काही सापडलं नाही. आता थोरियम-२२९ आलाय. त्याच्या अणुगर्भाला अवघ्या ८.४ इलेक्ट्रॉन व्होल्टवर पातळी आहे, एवढी खालची की लेझरने गाठता येते, आणि २०२४ मध्ये ती १४८ नॅनोमीटरच्या लेझरने पहिल्यांदा गाठलीसुद्धा, आधी जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गटाने, मग बोल्डरच्या गटाने फारच अचूक. ओक्लोच्या सॅमेरियममध्ये अणुरेणूंनी लिहिलं तसंच इथेही आहे, विद्युत बल आणि स्ट्राँग फोर्स एकमेकांना जवळपास पूर्ण कापतात आणि थोडीशी ऊर्जा उरते, म्हणून अल्फा किंचित हलला तरी ही रेषा हजारो पटींनी जास्त हलायला हवी. अब्जावधी वर्षं मागे जायची गरज नाही, टेबलावर दोन वर्षं घड्याळ चालवून बघायचं.

रानजाई

खोडदकर, हे फारच सुंदर आहे. थोरियमच्या घड्याळाचे आकडे येतील तेव्हा ज्याच्या नजरेला पहिल्यांदा पडतील त्याने इथेच टाका, नवीन धागा नको. आणि अणुरेणू, वेळ मिळाला की अप आणि डाउन क्वार्कच्या वस्तुमानाबद्दल सविस्तर लिहा ना, गणितवेडांनी तिथे आणून सोडलंय आणि मला पुढे जायचंय.